कोळसेवाडीचे अस्वल आणि ज्ञानगंगेचे अस्वल

माझ्या पिढीतल्या कल्याणकरांनी पहिले अस्वल जंगलात पाहिले नाही. ते आपल्या चाळीच्या दारात पाहिले.

साल 1980 च्या आसपासचे. आम्ही कोळसेवाडीत बैठ्या चाळीत राहत होतो. 1972 च्या दुष्काळात वडील बुलढाणा जिल्ह्यातले गाव सोडून कल्याणला आले आणि रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये लागले. आमच्या चाळीत मनोरंजन म्हणजे एका घरातला रेडिओ आणि रस्त्यावर येणारी माणसे. डोंबारी यायचे, माकडवाला यायचा, आणि पावसाळा संपला की दरवेशी यायचा. एका हातात डमरू, दुसऱ्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला काळेभोर, केसाळ अस्वल. डमरू वाजला की आम्ही पोरे जेवणाच्या ताटावरून उठून पळत असू.

अस्वल दोन पायांवर उभे राहायचे, गोल फिरायचे, सलाम करायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. ती दोरी कुठे बांधलेली आहे, हे आम्ही कधी नीट पाहिले नाही. ती गळ्यात नव्हती. ती नाकातून आरपार गेलेली होती. बैलाला वेसण असते तशी, पण बैलाची वेसण जखम भरून आल्यावर दुखत नाही. अस्वलाची जखम भरू दिली जात नसे. दोरीला झटका बसला की ते उभे राहायचे, आणि आम्ही समजायचो की ते नाचते आहे.

दरवेशी अस्वलाचे केस विकायचा. लहान मुलाच्या गळ्यात केसाचा ताईत बांधला की मूल दचकत नाही, ताप येत नाही, असे म्हणत. माझा धाकटा भाऊ तेव्हा तापाने फणफणला होता. आईने चार आणे देऊन केस घेतला, पितळेच्या ताईतात घालून भावाच्या गळ्यात बांधला आणि वडिलांना कळू नये म्हणून सदऱ्याच्या आत लपवला. रात्री वडिलांच्या हाताला तो लागला. ते ओरडले नाहीत. ताईत उघडून त्यांनी केस बाहेर काढला आणि आईला एवढेच म्हणाले, “त्या जनावराला स्वतःचं नाक वाचवता आलं नाही. त्याचा एक केस आपल्या पोराला काय वाचवणार?” आणि त्याच रात्री भावाला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे घेऊन गेले. औषधाने ताप उतरला.

हे वाक्य माझ्या मनात राहिले. पण खरे अस्वल कसे असते, ते मला कळायला पुढे चाळीस वर्षे लागली.

मागच्या उन्हाळ्यात, चौदा एप्रिलची धामधूम आटोपल्यावर, मुलीला घेऊन आत्याकडे निघालो. मुलगी सहावीत. तिचे अस्वल म्हणजे मोबाईलवर मध खाणारे, गोलमटोल, हसरे अस्वल. कल्याणहून रात्रीची गाडी पकडली. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करीत पहाटे मलकापूरला उतरलो. तिथून एसटीने मोताळ्यावरून बुलढाणा. आणि बुलढाण्याहून खामगावकडे जाणारी, बोथ्याच्या जंगलातली गाडी.

बुलढाणा सोडले की थोड्याच वेळात रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेत शिरतो. हीच रांग पश्चिमेला अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाते. इकडच्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सुमारे 205 चौरस किलोमीटरचे हे जंगल 1997 साली अभयारण्य झाले. आपल्या ठाण्याच्या येऊरला लागून असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे. म्हणजे ज्ञानगंगा त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण येऊरचे हिरवेगार रान डोळ्यांसमोर ठेवून इथे येऊ नये. हे कोरडे, पानगळीचे रान. साग, अंजन, सालई, पळस, तेंदू, मोह. एप्रिलमध्ये झाडांवर पाने कमी आणि जमिनीवर जास्त. काळे खडक, घळी, वाळलेले नाले. मुलगी म्हणाली, “पप्पा, इथे तर काहीच नाही.” वाघसुद्धा 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून एक हजार किलोमीटरहून अधिक चालत इथे येऊन राहिला होता, असे मी सांगितले, तेव्हा तिने खिडकीचा गज घट्ट धरला.

आत्याचे गाव या जंगलाच्या कडेला आहे. उतरलो तो समोर दादा उभे. दादा म्हणजे माझे आतेभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. “जयभीम” झाला. मुलीने दादांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती माझ्या मागे सरकली. दादांचा डावा डोळा नाही. भुवईपासून हनुवटीपर्यंत गालावर शिवणीचे व्रण आहेत. काही वर्षांपूर्वी मोहफुले वेचताना अस्वलाने त्यांना फाडले.

दादांच्या लक्षात आले. ते तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, “भेऊ नको माय. तुह्या काकाले अस्वलानं पप्पी घेतली, तिचा हा शिक्का हाय.” पोरगी हसली नाही. पण मागूनही हटली.

रात्री अंगणात बाजेवर बसलो, तेव्हा मुलीनेच विषय काढला. “काका, अस्वलाने तुम्हाला का मारले?”

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्याले पाह्यलं नाही. त्यानं मले पाह्यलं नाही. दोघंबी एकाच झाडाखाली, एकाच पोटासाठी आलो होतो. मी खाली वाकून फुलं येचू राहिलो, ते झुडपाआड फुलं खाऊ राहिलं. मी मान वर केली तं ते हातभर अंतरावर. ते भ्यालं, मी भ्यालो. त्याच्या पंज्याले नखं होती, मह्या हातात टोपली होती.”

वाचक बंधू-भगिनींनो, अस्वलाच्या हल्ल्याविषयी जाणकार जे सांगतात, ते सगळे दादांच्या या चार वाक्यांत आले.

आपल्याकडचे अस्वल माणसाला खाण्यासाठी मारीत नाही. त्याचे मुख्य अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, फळे, फुले आणि मध. बोरे, जांभळे, तेंदूची फळे, उंबर, बेल, बहाव्याच्या शेंगा आणि उन्हाळ्यात मोहाची फुले. त्याचे नाक फार तीक्ष्ण, पण नजर आणि कान त्या मानाने कमी. वारूळ उकरण्यात ते गुंगले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. आणि एकदा दचकले की पळण्याऐवजी बऱ्याचदा अंगावर येते. वाघ-बिबट्यांच्या रानात हजारो वर्षे राहिलेले हे जनावर. दबून राहणे त्याला जमले नाही, म्हणून तोंड देणे ते शिकले. मागच्या पायांवर उभे राहिले की त्याचा पंजा माणसाच्या तोंडाशी येतो. म्हणून जखमा चेहऱ्यावर आणि डोक्यावर होतात.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दादा आम्हाला गावच्या पांदीने माळाकडे घेऊन गेले. अभयारण्याच्या हद्दीत नव्हे, बाहेरच. एका जागी वारूळ फोडलेले होते. मातीचे ढेकूळ चहूकडे उडालेले आणि मधोमध खोल भोक. दादांनी त्यात काठी घातली, ती कोपरापर्यंत आत गेली. “कुदळीनं दोघा माणसाले घंटा लागन. हे एकटं पाच मिनिटात करते,” ते म्हणाले. अस्वलाच्या पुढच्या पंज्याची नखे बोटाएवढी लांब, वाकडी आणि बोथट असतात. ती उकरण्यासाठीच आहेत. 1791 साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणीशास्त्रज्ञाने ही नखे पाहिली आणि झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या, अमेरिकेतल्या एका सुस्त प्राण्याच्या जातीत आपले अस्वल टाकून दिले. चूक नंतर सुधारली, पण इंग्रजी नावात ‘सुस्त’ हा शब्द आजही चिकटून आहे. मेहनतीने पोट भरणाऱ्याला आळशी ठरवायचे आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवायचे, हा अनुभव फक्त अस्वलाचाच नाही.

वाळवी खाण्यासाठी निसर्गाने त्याचे तोंडच वेगळे घडवले आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. ओठ लांब आणि सैल, नळीसारखे पुढे येतात. नाकपुड्या मिटून घेता येतात, म्हणजे माती आत जात नाही. आधी फुंकर मारून माती उडवायची, मग जोराने ओढायचे. हा आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. दादा म्हणाले, “मोटारीच्या पंपावानी आवाज येते.”

मुलीने विचारले, “मग दिसते कसे?” दादांनी सांगितले ते मी नीट मांडतो. अंगावर लांब, राठ, काळे केस. मानेवर आणि खांद्यावर तर आयाळीसारखे. तोंड लांबट, मळकट पांढरे. छातीवर फिक्कट पांढरा पट्टा, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘यू’ अक्षरासारखा. नर साधारण 80 ते 145 किलो वजनाचा, मादी 55 ते 95 किलोची. शेपूट असते, पण केसांत दिसत नाही. इतके केस अंगावर घेऊन ते विदर्भाच्या उन्हात कसे राहते? दुपारभर घळीत, खडकांच्या कपारीत, नाहीतर घाणेरीच्या दाट झुडपात झोपते आणि संध्याकाळी बाहेर पडते. आपल्या देशात अस्वलाच्या चार जाती आहेत. हिमालयातले काळे आणि तपकिरी अस्वल, ईशान्येकडचे छोटे सूर्य-अस्वल आणि हे आपले. हिमालयातली अस्वले थंडीत झोपी जातात. आपले अस्वल बारा महिने कामावर असते.

आपले हे अस्वल जगात फक्त आपल्या उपखंडातच सापडते. भारत, नेपाळ, श्रीलंका. बांगलादेशातून ते संपले. सगळी मिळून वीस हजारांपेक्षा कमी असावीत, असा अंदाज आहे. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, बुलढाण्याचे ज्ञानगंगा आणि अंबाबरवा, खानदेशात यावल, दक्षिणेला राधानगरी. आपल्या ठाणे-कल्याणच्या रानात बिबट्या आहे, अस्वल नाही. जगाच्या यादीत त्याची नोंद ‘धोक्यात असलेला प्राणी’ अशी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. त्याची शिकार हा गुन्हा. त्याचे केस, नखे, दात विकणे आणि विकत घेणे हाही गुन्हा.

संध्याकाळी आत्याने मोठी गोष्ट सांगितली. दादांवर हल्ला झाला, तेव्हा गावातली पोरे कुऱ्हाडी घेऊन निघाली होती. आत्या दारात आडवी उभी राहिली. मी विचारले, “आत्या, तुझ्याच मुलाचा डोळा गेला, आणि तूच त्यांना अडवलेस?”

आत्या म्हणाली, “बापू, कोणतं अस्वल होतं ते कोणाले ठाऊक? पोरं गेली असती तं अजून दोघं फाटून आली असती. मले मह्या घरात एक डोळा गेलेला होता, अजून चार घरी रडणं नको होतं.” मग थांबून म्हणाली, “आन् आपल्याले गाव कसं मारते ते आपण पाह्यलं हाय. एकानं काई केलं की सगळी वस्ती धरायची. ते जनावराच्या बाबतीत मी कशी करू?”

मी काही बोललो नाही. यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

पण आत्याच्या मोठ्या मनावर अस्वल वाचवायचे आणि बाकीच्यांनी शहरात बसून टाळ्या वाजवायच्या, हे बरोबर नाही. दादा सहा महिने घरी पडून होते. मजुरी बंद. सरकारी मदत मिळाली. तिच्यासाठी पंचनामा, डॉक्टरचा दाखला, अर्ज हे सगळे वहिनींनी पायपीट करून गोळा केले. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू किंवा जखम झाली तर शासनाकडून आर्थिक मदत मिळते, हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण वेळ न घालवता वन खात्याला कळवावे लागते आणि कागद जपून ठेवावे लागतात. आपल्या गावाकडच्या किती जणांना हे माहीत आहे? राज्याच्या वन खात्याचा फोन क्रमांक 1926 आहे. तो गावी पाठवण्यासाठी काही खर्च येत नाही.

मोहफुले वेचणारा माणूस हौसेने पहाटे रानात जात नाही. फुले रात्री गळतात. उजाडल्यावर गेले तर गुरे खाऊन टाकतात, नाहीतर दुसरा कोणी वेचून नेतो. अस्वलही त्याच वेळी येते. म्हणून दादांच्या गावाने आता रीत बदलली आहे. एकट्याने जायचे नाही. चांगले उजाडल्याशिवाय झाडाखाली वाकायचे नाही. पोचण्याआधी मोठ्याने बोलायचे, गाणी म्हणायची, काठी आपटायची. झाडांची वाटणी आपसात ठरवून घेतली, म्हणजे पहिल्यांदा पोचण्याची घाई उरली नाही. अस्वल दिसले तर दगड मारायचा नाही, पिल्लाजवळ तर मुळीच जायचे नाही; हळूहळू मागे सरायचे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हात मानेमागे घट्ट धरायचे, तोंड जमिनीत. दादा म्हणतात, “हे मले आधी ठाऊक असतं तं दोन्ही डोळ्यानं तुले पाह्यलं असतं.”

तिसऱ्या दिवशी परत निघालो. दादा बुलढाण्यापर्यंत सोडायला आले. संध्याकाळची एसटी, गच्च भरलेली. जंगलातल्या एका वळणावर चालकाने गाडी एकदम थांबवली. इंजिन बंद केले. पुढचे लोक उभे राहिले. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, “अस्वल.”

रस्त्याच्या उजव्या अंगाने ते उतरले. डांबरावर आल्यावर जरा थांबले. पाय आत वळवून, डुलत चालणारे, धुळीने माखलेले. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या लांब केसांत दोन गोळे होते. ती मादी होती आणि दोन पिल्ले तिच्या केसांना घट्ट धरून बसली होती. थंडीत गुहेत जन्मलेली पिल्ले अशीच कित्येक महिने आईच्या पाठीवर फिरतात. त्यासाठीच तिथले केस लांब असतात, असे म्हणतात. एका पोराने दारातून फोटो काढण्यासाठी पाय खाली टाकला. वाहकाने त्याची कॉलर धरून आत ओढले. बाकी कोणी हलले नाही. पन्नास-साठ माणसे, कोंबड्या, पिशव्या, रडणारे एक तान्हे मूल, आणि तरीही गाडीत शांतता.

मुलीने माझा हात सोडून दादांचा हात धरला होता. मादी पलीकडच्या नाल्यात उतरली. झुडूप हलले आणि थांबले. चालकाने गाडी सुरू केली. तेव्हा दादा एवढेच म्हणाले, “पोरं घेऊन पाण्यावर चालली.”

मला कोळसेवाडीचे अस्वल आठवले. त्यालाही कधीतरी अशी पाठ होती. दरवेशाच्या हाती पिल्लू येते, ते आई मारल्याशिवाय येत नाही. मग लोखंडी सळई तापवून नाकातून आरपार घालतात, सुळे तोडतात. आम्ही ज्याला नाच म्हणत होतो, त्याच्या आधी हे सगळे झालेले असायचे.

आणि दरवेशाचे काय? तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. त्याच्या बापाने, आजाने हेच केलेले. त्याला ना शेत, ना शाळा. 1998 साली केंद्र सरकारने अस्वलांच्या खेळांवर अधिसूचना काढून बंदी घातली, आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण नुसत्या बंदीने अस्वल सुटत नाही, दरवेशी फक्त गल्ली बदलतो. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी 1995 साली स्थापन केलेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने दुसरी वाट धरली. दरवेशाने अस्वल स्वाधीन करायचे आणि त्याला दुसऱ्या धंद्यासाठी मदत, मुलांना शाळा. अस्वलांसाठी आग्र्याजवळ मोठे आश्रयस्थान उभारले. अशी सहाशेहून अधिक अस्वले सोडवली गेली आणि 2009 च्या डिसेंबरात ‘राजू’ नावाचे शेवटचे नाचणारे अस्वल दोरीतून मोकळे झाले. शेकडो वर्षांची चाल माणसाला उपाशी न मारता बंद होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मोहफुले वेचणाऱ्यांच्या बाबतीतही हेच केले पाहिजे. त्याला दंड करून हुसकावणे सोपे. त्याला उजेडात, सोबतीने, सुरक्षित वेचता येईल अशी व्यवस्था करणे अवघड. पण टिकते ते दुसरेच.

आपल्या शहराला हे लांबचे वाटत असेल. 2022 च्या नोव्हेंबरात आमच्या कल्याण पूर्वेत, चिंचपाड्याला, राहत्या इमारतीत बिबट्या शिरला आणि माणसे जखमी झाली. तेव्हा काठ्या घेऊन, मोबाईल वर धरून किती गर्दी जमली होती! गर्दीने बिबट्या जास्त बिथरतो आणि वन खात्याच्या माणसांचे काम अवघड होते. बोथ्याच्या रस्त्यावरचे एसटीचे ते प्रवासी त्या दिवशी आमच्यापेक्षा शहाणे वागले.

घरी आल्यावर मुलीने आजीला सगळे सांगितले. आई आता पंचाहत्तरीची आहे. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “नाकात दोरी नव्हती ना गं?”

“नाही आजी. पाठीवर पोरं होती.”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मी चार आण्याला त्याचा केस घेतला होता. तुझ्या आजोबांनी तेव्हाच सांगितले होते.”

यंदा सुट्टीत पुष्कळ कुटुंबे बुलढाण्याला, अमरावतीला, चंद्रपूरला, गोंदियाला गावी जातील. जाताना मुलांना दादांची रीत सांगा, आणि गावात 1926 हा क्रमांक भिंतीवर लिहून या. जत्रेत कोणी अस्वलाचा केस किंवा नख दाखवले तर घेऊ नका, घेणाऱ्यालाही थांबवा.